दोन टीव्ही, एक डाग

टीव्ही बिघडलाय असं घरात एकट्या बाबांचं म्हणणं होतं. मधोमध डाग पडलाय म्हणे. करडा, ढगाळ, आणि नेमका जिथे बोलणाऱ्या माणसाचं तोंड यायला हवं तिथे. मी समोर उभी राहून पाहिलं, बाजूने पाहिलं, पडद्याला नाक लावून पाहिलं. डाग नव्हता. बाबा मात्र रोज संध्याकाळी ओलं फडकं घेऊन पडदा पुसायचे, दोन पावलं मागे जायचे, मान हलवायचे आणि पुन्हा पुसायचे.

"गेला हा," ते म्हणायचे. "नवा घ्यावा लागंल."

आता हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या बापाने म्हटलं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. पण आमचे बाबा म्हणजे कॉलर विरली की ती उलटून शिवून घेणारा माणूस. त्यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. दिवाळीला शर्ट आणला तरी "कशाला आनला" एवढंच. म्हणून मी माझ्या हुशारीने ठरवून टाकलं की ही गंमत आहे. क्रिकेटचा मोसम तोंडावर आलाय, शेजाऱ्यांकडे भिंतभर टीव्ही लागलाय, आणि आमचा म्हातारा ताकाला जाऊन भांडं लपवतोय. मी त्यांना चिडवलंही. "सरळ सांगा की मोठा पाहिजे म्हणून." ते हसले. हसले म्हणजे ओठ हलवले.

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, वाडीत. वाडी म्हणजे मोगरा, सोनचाफा, जास्वंद, कडेने केळी, आणि मागे बावखल. बावखल हे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं जुनं तळं. त्याच्यावरच आजवर ही झाडं जगली. पहाटे कळ्या खुडायच्या, जुड्या बांधायच्या, आणि उजाडायच्या आत फुलांच्या गाडीपाशी पोहोचवायच्या, हे बाबांनी जन्मभर केलं. मोगऱ्याची कळी खुडायला उजेड लागत नाही. कळी तयार आहे की अजून एक दिवस ठेवायची, हे बोटांना कळतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर मला सगळ्यांनी विचारलं, एका घरात राहून तुम्हाला कळलं कसं नाही? असं कळलं नाही. ज्या कामाला डोळे लागतच नाहीत ते काम हा माणूस रोज चोख करत होता.

मी वालीवला एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात हिशेब बघते. लग्न केलं नाही, आईबाबांबरोबर राहते, आणि घरात कोणतीही वस्तू यायची असेल तर तिचा कीस काढल्याशिवाय येऊ देत नाही. मिक्सर घेतला तेव्हा आईने हात जोडले होते. टीव्हीचा विषय निघाल्यावर तर मला हुरूपच आला. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर टीव्हींची परीक्षणं बघू लागले, आणि शेवटी दोन टीव्ही उरले. दोन्ही एकाच आकाराचे, दोन्ही मधल्या किमतीचे. फार भारी नाहीत, अगदी टाकाऊही नाहीत.

पहिल्याचा काळा रंग खरोखर काळा होता. अंधाऱ्या खोलीत समोर बसून सिनेमा बघावा तर तोच. पण बाजूला सरकलात की त्याचे रंग विटायचे, लाल साडी धुवून धुवून गेल्यासारखी दिसायची. दुसऱ्याचा काळा होता राखाडी. काळोखाचा प्रसंग आला की चित्रावर धुकं बसल्यासारखं वाटायचं. पण त्याच्यासमोर कुठेही बसा, दारात बसा, कोपऱ्यात बसा, रंग तेच. शिवाय उन्हात त्याच्यावर खिडकीचं प्रतिबिंब कमी पडायचं.

मला पहिला हवा होता. रविवारी दुपारी दारं लावून सिनेमा बघायची माझी एकमेव चैन. आई टीव्ही बघते ती दुपारी, दार सताड उघडं टाकून, खाली बसून, मांडीवर सूप आणि सुपात कळ्या. आणि बाबा बसतात ते दारात, उंबऱ्याला पाठ लावून, तिरके. एक डोळा टीव्हीवर आणि एक वाडीवर. ही काही आजची सवय नाही. आमच्याकडे सगळेच वाडीवाले असे बसतात. पाटाला पाणी सोडलेलं असतं, ते कुठल्या आळ्यात गेलं, कुठे फुटलं, कोणाची गाय शिरली, यावर नजर हवी. समोर तोंड करून टीव्ही बघणारा वाडीवाला मी पाहिलेला नाही. त्यामुळे बाबा गेलं वर्षभर पूर्वीपेक्षा जास्त तिरके बसू लागले होते, मान भिंतीकडे वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

आईच्या बडबडीचंही तेच. आई टीव्हीवर बोलते. "आली बघा ती, हिरव्या साडीवाली. आथा ती चिठ्ठी लपवते. बघा, उशीखाली ठेवली. हाहू दारात उभी हाय, तिने पाहिलं." आमच्या घरच्या बोलीत सासूची हाहू होते, आताचं आथा होतं आणि सांग म्हणायचं तर हांग म्हणतात, मी कारखान्यात जाऊन जाऊन बाहेरची मराठी बोलू लागले, आई नाही. तर ही अशी अखंड. क्रिकेट लागलं तरी तेच. "गेला, आडवा मारला, पकडला त्या उंच पोराने." मी कावायचे. "आई, आम्हाला दिसतंय ना! तू गप्प बस ना जरा." ती दोन मिनिटं गप्प बसायची आणि पुन्हा सुरू. मी म्हणायचे, हिला आकाशवाणीत नोकरी द्या.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं, मी आणि बाबा, नालासोपाऱ्याला गेलो. तुळिंजला एका दुकानात हे दोन्ही टीव्ही शेजारीशेजारी लावलेत असं मला फोनवर सांगितलं होतं. रिक्षाने निघालो. बाबांची स्कूटर वर्षभर पडवीत धूळ खात होती. पोटऱ्या दुखतात म्हणाले होते, आम्ही तेल चोळून दिलं होतं. फुलांच्या जुड्या गाडीपाशी न्यायचं काम तेव्हापासून आईकडे आलं होतं.

दुकान रस्त्याला लागून. बाहेर भाजीवाल्यांची ओरड, हॉर्न, आत एसीचा गारठा. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्र: कुठल्यातरी परदेशी बागेतली फुलं हळूहळू उमलतायत. मी खूश झाले. म्हटलं, फुलांतला माणूस आणलाय, आता खरी परीक्षा होईल.

विक्रेता तरुण होता, चटपटीत. "अंकल, आप इधर बैठो, सामने से देखो," असं म्हणून त्याने बाबांना खुर्ची दिली. मी माझे प्रश्न काढले. काळा रंग, बाजूचा कोन, उजेडाची चमक. त्याने दोन्हींवर आधी सिनेमा लावला, मग क्रिकेट. मी मागे गेले, पुढे आले, डावीकडे झाले, उजवीकडे झाले. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

बाबा खुर्चीवर बसले होते. समोर टीव्ही. दार नाही, वाडी नाही, पाट नाही, गाय नाही. आणि तरी ते तिरके बसले होते. खुर्ची सरळ होती, हा माणूस तिच्यावर आडवा होऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता, जिथे वॉशिंग मशिनं लावली होती.

"बाबा, इकडे बघा ना. सांगा, कुठला बरा?"

ते उठले. पहिल्या टीव्हीजवळ गेले, अगदी जवळ. खिशातून रुमाल काढला आणि पडद्याच्या मधोमध पुसायला लागले. विक्रेता धावला. "अंकल, हाथ मत लगाओ, नया पीस है." बाबा दुसऱ्याकडे गेले. तोही पुसला. मग तिसरा, जो आमच्या यादीतही नव्हता, भिंतीवरचा सगळ्यात महागडा. त्याच्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. रुमाल हातात तसाच.

"दोन्हींत डाग हाय," ते म्हणाले.

विक्रेत्याचा चेहरा पडला. "डाग? नहीं अंकल, एकदम नया माल है, डाग किधर?" तो स्वतः वाकून बघायला लागला. मलाही लाजल्यासारखं झालं. मी म्हणणार होते, बाबा, आता पुरे करा हे नाटक. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. म्हणजे मी जिथे उभी होते त्याच्या थोडं बाजूला वळले, माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाले, "सगळ्यांतच हाय, बाय. घरी जाऊ."

ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. मला एकदम आठवेना, त्यांनी शेवटचं माझ्या तोंडाकडे कधी बघितलं होतं. दुकानात वीसेक टीव्ही फुलं उमलवत होते आणि बाबा रुमालाची घडी घालत होते, कोपऱ्याला कोपरा जुळवून, बोटांनी चाचपून.

रिक्षात मी विचारलं. त्यांनी रुमाल खिशात ठेवला. मी पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात, रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "माझं तोंड दिसतं का तुम्हाला?" ते म्हणाले, "कडा दिसते." मग म्हणाले, "मना वाटलं टीव्हीच असेल."

त्यांना खरंच तसं वाटत होतं का? मी यावर खूप डोकं फोडलंय. माणसाला तोंडं दिसत नाहीत, नाण्यावरचा आकडा दिसत नाही, आणि त्याला वाटतं टीव्ही बिघडलाय? पण मला वाटतं, त्यांना तसं वाटायला हवं होतं. टीव्ही असेल तर बदलता येतो. म्हणून जन्मात काही न मागणाऱ्या माणसाने टीव्ही मागितला. त्या दुकानात त्यांनी तिसरा पडदा पुसला तेव्हा ते आपली शेवटची आशा पुसत होते, आणि मी शेजारी उभी राहून बाजूच्या कोनाची चौकशी करत होते.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई कळ्या निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, आणि तिला काही आश्चर्य वाटलेलं नाही हे मला तिथल्या तिथे कळलं.

"तुला माहीत होतं?"

तिला माहीत होतं. मागच्या गणपतीत बाबांनी मूर्तीच्या पायावर वाहायचं फूल समईवर वाहिलं होतं. सगळे आरती म्हणत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. आईने ते जळायच्या आत उचललं आणि जागेवर ठेवलं. बाबांना ती काही बोलली नाही. बाबा तिला काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी टीव्ही लागला तेव्हा तिने बोलायला सुरुवात केली. कोण आलं, काय नेसलीय, कोण कोणाकडे बघतंय. आधी थोडं, मग सगळंच. आधीपासूनच ती बोलघेवडी, म्हणून आम्हाला वाटलं वाढलं असेल वयाबरोबर. बाबा ऐकत गेले. ताटात काय कुठे वाढलंय हेही ती सांगायची, "लोणचं डावीकडे टाकलं हो," असं उगाच सांगितल्यासारखं. स्कूटरचं तर तिनेच काढलं होतं. पोटऱ्यांचं निमित्तही तिनेच शोधून काढलं होतं.

एकाने सांगितलं नाही आणि दुसरीने विचारलं नाही. गणपतीपासून. एकाच घरात, एकाच पंख्याखाली.

मी आईवर ओरडले. फार ओरडले. ती म्हणाली, "त्यांच्या तोंडून निघंल तवा बोलू, असं मनात होतं. मीच काढलं असतं तर त्यांना कमीपणा वाटला असता." बाबा आत खाटेवर बसून ऐकत होते. मग तेही बोलले, थोडंच. त्यांच्या वडिलांची नजर गेली होती म्हातारपणी. ओट्यावर बसवून ठेवलं होतं. येणारे-जाणारे त्यांच्यासमोरच विचारायचे, म्हाताऱ्याला जेवण दिलं का? वाडीत काय लावायचं हे त्यांना कोणी पुन्हा विचारलं नाही. "डोळे गेले, कान नव्हते गेले त्यांचे," बाबा म्हणाले. "मी बघितलंय." एवढंच बोलून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आम्ही तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी औषध घालून बाबांच्या बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्रात हनुवटी ठेवायला लावली, मग मला आत बोलावून चित्रं दाखवली. डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो त्याच्या नेमक्या मध्यावर हा आजार बसतो. कडेची नजर राहते, मधली जाते. म्हणून चालताना धडपडत नाहीत, वाडीत फिरतात, पण तोंड दिसत नाही. डाव्या डोळ्यात व्रण धरलाय, तो आता परत यायचा नाही. उजव्यात पाणी साचलंय. त्याला इंजेक्शनं देता येतील, डोळ्यातच, महिन्याच्या अंतराने. राहिलेलं वाचवता येईल, कदाचित थोडं परतही मिळेल.

"डाव्यासाठी लवकर आलो असतो तर?" मी विचारलं.

"लवकर आलेलं नेहमीच बरं," म्हणाल्या. "आता उजव्यावर लक्ष ठेवा. रोज डावा डोळा झाकून एखादी सरळ रेघ बघायची. रेघ वाकलेली दिसली, तुटलेली दिसली, की थांबायचं नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी यायचं. एकदा सुकलेलं पाणी पुन्हा येऊ शकतं, आणि आलं तर ते पेशंटलाच आधी कळतं. दुसऱ्या कोणाला बाहेरून दिसत नाही."

दुसऱ्या कोणाला दिसत नाही. म्हणजे सगळा भरवसा बाबांच्या सांगण्यावर. जो माणूस वर्षभर गप्प राहिला, आणि ज्याला गप्प राहायला माझ्या आईने इतकी सुरेख मदत केली, त्याच्या सांगण्यावर. परत येताना मी रिक्षात आईकडे बघत नव्हते. ती खूप सांभाळत आली होती त्यांना. तिचं सांभाळणं इतकं चोख होतं की बाबांना डॉक्टरकडे जायची गरजच पडली नाही. डावा डोळा मायेने गेला, असं माझ्या मनात आलं. हे तिला कधी बोलून दाखवायचं नाही असंही मी ठरवलं.

टीव्ही मी एकटीच जाऊन आणला. बाबा म्हणाले होते, "आथा काय करायचा टीव्ही?" मी ऐकलं नाही. दुसरा घेतला, राखाडी काळ्याचा, कुठूनही सारखा दिसणारा. माझे रविवारचे सिनेमे त्याच्यावर धुक्यातच बघते. सरळ बघता येत नाही त्याला निदान कडेने तरी चांगलं दिसावं, एवढाच विचार होता. जुना टीव्ही, ज्याला काहीही झालं नव्हतं, तो भंगारवाल्याने नेला.

आणि घरात मी नियम केला. टीव्ही चालू असताना आईने बोलायचं नाही. काय चाललंय ते बाबांनी सांगायचं.

असा कठोर नियम मी का केला, हे आईला पटत नव्हतं. "मी बोलले नाय तर त्यांना काय कळंल?" "कळत नसेल तर तसं सांगू दे त्यांना," मी म्हटलं. "तू सांगत राहिलीस तर रेघ वाकली तरी आपल्याला कळायचं नाही." ती गप्प झाली. आणि खरोखर गप्प राहिली. मालिका चालू आहे, कोणी कोणाला जाब विचारतंय, आणि आई ओठ घट्ट मिटून कळ्या निवडतेय. बाबा दारात बसून ऐकतायत. कधी बाईच्या रडण्याचा आवाज आला की त्यांची मान आईकडे वळायची, आई माझ्याकडे बघायची, मी मान हलवायचे. त्या दिवसांत मला माझाच राग यायचा. दोन म्हाताऱ्या माणसांचा एक खेळ चालला होता, मी मधे जाऊन तो मोडला. चार दिवसांनी बाबा टीव्ही लागला की उठून वाडीत जायला लागले.

मी रोज सकाळी त्यांना दाराच्या चौकटीसमोर उभं करायचे. "डावा झाका. चौकट कशी दिसते?" "सरळ." "नीट बघा." "सरळ हाय, हांगितलं ना." इतक्या पटकन सांगायचे की मला खात्रीच वाटायची नाही. आपली चौकट सरळ आहे हे त्यांना डोळे मिटूनही माहीत होतं. लग्नाआधी त्यांनीच ती बसवून घेतली होती.

पहिलं इंजेक्शन झालं तेव्हा ते रात्री काही जेवले नाहीत. दुसऱ्याला आई बरोबर आली आणि बाहेर बाकावर बसून पदर चावत राहिली. तिसऱ्यानंतर काही दिवसांनी सकाळी वाडीतून मोठ्याने ओरडणं ऐकू आलं. मी धावत गेले. बाबा सोनचाफ्याखाली उभे राहून शिव्या घालत होते. पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या. "कवापास्नं हाय हे? कोनी बघितलं नाय? शेंड्यापर्यंत गेलंय!" त्यांच्या हातात एक पान होतं आणि ते त्या पानाकडे सरळ बघत होते, तोंडासमोर धरून. मी म्हटलं, बघितलं नाही हो कोणी. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि ते मला म्हणाले, उभी काय राहिलीस, तुझ्या आयेला बोलाव.

त्यानंतर थोडे दिवस बरे गेले. ते टीव्हीसमोर येऊन बसले, अगदी समोर. मी काळ्या रंगाचा नाद सोडून बाजूच्या कोनासाठी घेतलेला टीव्ही, आणि हे आपले नाकासमोर बघतायत. मी बोलले, "माझे पैसे वाया घालवलेत." ते म्हणाले, "जाऊ दे वाया." धावसंख्या ते वाचायचे, मोठी असली तर. बारीक अक्षरं नाही जमायची. आईने नियम पाळला, पण ते विचारायला लागले, "अगो, ती चिठ्ठी कुठं ठेवली तिने? तेवढं दिहलं नाय." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सांग. त्यांनी विचारलंय, मग सांग.

मला वाटत होतं, आता निभावलं. डॉक्टरबाईंनीही इंजेक्शनांतलं अंतर थोडं वाढवलं होतं. पण मनातून भीती जायची नाही. ते जरा जास्त वेळ गप्प बसले की मी त्यांचे डोळे बघायचे. बाहेरून काही दिसत नाही हे माहीत असून बघायचे. रात्री झोपताना वाटायचं, लपवत तर नसतील? जो माणूस एकदा गप्प राहिला तो पुन्हा राहू शकतो. चौकटीचा प्रश्न मी विचारतच होते आणि "सरळ" हे उत्तर येतच होतं, आणि त्या उत्तरावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

परवाची गोष्ट. शनिवार होता, माझा अर्धा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास वालीवहून घरी आले, पाय धुतले आणि जेवायला बसले. आई मला वाढत होती. पुढच्या खोलीत टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, त्यांचा आवाज येत होता. मग आवाज बंद झाला. मी दोन घास खाल्ले असतील. बाबा आत आले. अंगात बाहेर जायचा शर्ट, बटणं लावलेली. कपाटातली डोळ्यांच्या कागदांची पिशवी काखेत. पायात चपला, घरात, ज्या त्यांनी आयुष्यात उंबऱ्याच्या आत आणल्या नव्हत्या.

"बातम्यांच्या खालची पट्टी," ते म्हणाले. "मधे वाकडी दिहते."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. आईने पातेलं खाली ठेवलं. तिने बारीक आवाजात विचारलं. "खूप वाकडी हाय का वो?"

मी घाबरले होते, खूप घाबरले होते. आणि तरी माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. इतकी वाईट बातमी ऐकून इतकं बरं मला कधी वाटलेलं नाही.

"थोडी," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, माझ्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न करत म्हणाले, "हात धू, बाय. थोडी हाय तवरच जाऊ."